शिंग, कंडरा आणि सरस

बालाघाटाच्या डोंगररांगेवरचा धारूरचा किल्ला इ.स. १५६७ मध्ये किश्वरखान या आदिलशाही सरदाराने मजबूत बांधून काढला. निजामशाहीच्या हद्दीला लागून विजापूरकरांचे असे भक्कम ठाणे उभे राहणे अहमदनगरला परवडणारे नव्हते. दोनेक वर्षांतच मुर्तजा निजामशहा फौज घेऊन धारूरवर आला. पुढची हकीकत फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. किल्ल्यात शिरल्याशिवाय रिकिबीतून पाय काढणार नाही, अशी शपथ निजामशहाने घेतली आणि घोडा तसाच तटाच्या रोखाने घातला. तटावरून तोफा, बंदुका आणि तिरांचा मारा चालू होता. तो एकाएकी थांबला. हल्लेखोर आत शिरले तेव्हा किल्ला ओस पडला होता आणि किश्वरखान मरून पडला होता. त्याच्या छातीत तीर रुतलेला होता.

हा काळ लक्षात घ्यायला हवा. ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ अहमदनगरला १५४९ मध्येच ओतली गेली होती. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत दख्खनी तोफखान्याचा दरारा साऱ्या दक्षिणेने पाहिला होता. त्यानंतर चार-पाच वर्षांनी आजच्या बीड जिल्ह्यातल्या एका किल्ल्याचे भवितव्य ठरवले ते बांबू किंवा बोरूच्या काडीला बसवलेल्या लोखंडाच्या छोट्याशा तुकड्याने. तोफ आली आणि धनुष्य अडगळीत गेले, असे आपण शाळेपासून समजत आलो. प्रत्यक्षात दख्खनमध्ये ही दोन शस्त्रे दोनशे वर्षे शेजारी शेजारी नांदली. सतराव्या शतकात मोगल दरबारी राहिलेला फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो की, बंदूकवाल्याचे दोन बार होईपर्यंत घोडेस्वार सहा तीर सोडतो. शिवाय बंदुकीची गोळी सरळ जाते. तीर मात्र वर चढून तटापलीकडे, आडोशामागे उतरतो. तिराला धूर नाही, तोडा नाही आणि पावसात भिजणारी दारूही नाही. वेढ्यातल्या माणसाला या गोष्टींचे मोल कळत होते.

धनुष्याचे हे बळ सैनिकाच्या दंडात होते तितकेच ते ज्या वस्तूंपासून घडले त्यांतही होते. मध्ययुगीन शस्त्रांवरच्या आपल्याकडच्या लेखनात तलवारीच्या पोलादाबद्दल पानेच्या पाने सापडतात, पण धनुष्याच्या घडणीबद्दल चार ओळीही सापडत नाहीत. माझ्या मते तलवारीपेक्षा धनुष्य घडवणे अवघड होते. लोहाराला एकच पदार्थ ओळखावा लागे. कमान करणाऱ्याला झाड, जनावर, पक्षी आणि ऋतू हे सगळे ओळखावे लागत.

साध्या धनुष्यापासून सुरुवात करू. आपल्याकडचे सर्वात जुने आणि सर्वात टिकाऊ धनुष्य वेळूचे. इ.स.पूर्व ४८० मध्ये इराणच्या झर्क्सीसने ग्रीसवर स्वारी केली, तेव्हा त्याच्या फौजेत सुती कपड्यातले हिंदी सैनिक होते आणि त्यांच्याजवळ वेताबांबूची धनुष्ये व लोखंडी टोकाचे बाण होते, असे हिरोडोटस सांगतो. अलेक्झांडरच्या स्वारीची हकीकत लिहिणारा एरियन तर माणसाच्या उंचीच्या धनुष्याचे वर्णन करतो. ते जमिनीला टेकवून डाव्या पायाने रेटायचे आणि मग दोरी ओढायची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाने काय काय सांभाळावे याची यादी आहे. तिच्यात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग या चार पदार्थांची धनुष्ये येतात. मध्ययुगात शस्त्रविद्येचे जे ग्रंथ वाचले जात त्यांतही हीच परंपरा पुढे चालू राहते. चौहानांच्या दरबारातल्या विद्वानाचा नातू असलेल्या शार्ङ्गधराने १३६३ मध्ये ‘शार्ङ्गधरपद्धती’ हा संग्रह केला. त्यात धनुर्वेदाचा एक मोठा भाग आहे. वसिष्ठाच्या नावावर चालणाऱ्या धनुर्वेदसंहितेतही त्याच्याशी मिळताजुळता मजकूर येतो.

या ग्रंथांत बांबू निवडण्याचे जे नियम दिले आहेत ते वाचताना लिहिणारा माणूस बेटात शिरून बांबू तोडणारा होता, अशी खात्री पटते. बांबू कोवळा नको आणि फार जून नको. जळलेला नको, भोक पडलेला नको. बेटातल्या दुसऱ्या बांबूवर घासलेलाही नको. बांबूची सारी ताकद त्याच्या सालीलगतच्या दाट तंतूंत असते. वाऱ्याने दोन बांबू एकमेकांवर घासत राहिले की नेमकी तीच साल झिजते आणि धनुष्य ताणले की तिथूनच उकलते. पेरांची संख्या तीन, पाच किंवा सात असावी, चार, सहा, आठ नसावी, असाही नियम आहे. तो शुभाशुभाचा वाटतो, पण त्यात कामाची गोष्ट दडलेली आहे. पेरे विषम असली की एक पेर बरोबर मध्यभागी, मुठीच्या ठिकाणी येते आणि दोन्ही बाहू सारखे वाकतात. मराठवाड्याच्या कोरड्या डोंगरांना मानवणारा मानवेल बांबू बराचसा भरीव असतो. काठी, तंबूचे दांडे आणि भाल्याचे दांडे यांसाठी तो नेहमीच पसंत केला जाई. सालीची बाजू बाहेर, म्हणजे लक्ष्याकडे ठेवून चिरफळी तासली की तिरकमठा तयार होतो. सह्याद्री आणि सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांवर तो अगदी अलीकडेपर्यंत रोजच्या वापरात होता.

दुसरे धनुष्य शिंगाचे, म्हणजेच शार्ङ्ग. धनुर्वेद स्पष्ट सांगतो की हत्तीवर आणि घोड्यावर बसणाऱ्यांनी शिंगाचे धनुष्य घ्यावे, रथातल्या आणि पायदळातल्या माणसाने बांबूचे. यामागचे कारण साधे आहे. घोड्यावर माणसाच्या उंचीचे धनुष्य इकडून तिकडे फिरवता येत नाही. ते आखूड हवे, पण आखूड लाकूड जास्त वाकवले की मोडते. लाकडाला जवळजवळ एक टक्का ताण बसला की ते तडकू लागते. मग लांबी कमी करायची आणि ताकद राखायची, तर लाकडापेक्षा जास्त ताण सोसणारे पदार्थ शोधायला हवेत. मध्य आशियातल्या घोडेस्वार जमातींनी हजारो वर्षांपूर्वी ते शोधले. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीचे स्वार देवगिरीवर उतरले आणि १३१८ नंतर यादवांचा सारा मुलूख दिल्लीच्या अमलाखाली गेला. त्यानंतर घोड्यावरून चालवायच्या आखूड कमानीचे महत्त्व दख्खनमध्ये वाढतच गेले. तुघलक, बहमनी आणि निजामशाही यांच्या स्वारांची ती ओळखच होती.

ती कमान बनते कशी, हे सावकाश पाहण्याजोगे आहे. धनुष्य वाकले की त्याच्या दोन बाजूंवर उलट्या जातीचा जोर येतो. धनुर्धराकडची, आतली बाजू दाबली जाते. लक्ष्याकडची, बाहेरची बाजू ताणली जाते. दाब सोसण्यात म्हशीच्या शिंगासारखा पदार्थ नाही. ताण सोसण्यात जनावराच्या कंडरेसारखा पदार्थ नाही. कंडरा म्हणजे मांस हाडाला बांधणारी ती पांढरी, चिवट दोरी. गुरांच्या आणि हरणांच्या पायातून व पाठीतून ती काढली जाई. म्हणून आतल्या बाजूला शिंगाची पट्टी, बाहेरच्या बाजूला कंडरेचा थर आणि मध्ये लाकडाची किंवा बांबूची पातळ कामठी, अशी तीन पदरी रचना झाली. लाकडाचे काम आता फक्त दोघांना एकत्र धरून ठेवण्याचे उरले.

या तिन्ही पदार्थांचे नाते सांभाळतो तो सरस. जनावरांचे कातडे आणि कंडरांचे तुकडे उकळून तो काढत. सर्वात चांगला सरस माशाच्या पोटातल्या फुग्यापासून मिळे. शिंग गरम पाण्यात मऊ करून सरळ केले जाई आणि तासून त्याची पट्टी काढली जाई. मग शिंगावर आणि लाकडावर दातेरी हत्याराने उभ्या चरा पाडत. त्या एकमेकांत बसल्या की चिकटण्याची जागा कितीतरी वाढे. कंडरा वाळवून कुटायची, कुटून तिचे केसासारखे तंतू वेगळे करायचे, ते विंचरायचे, कोमट सरसात भिजवायचे आणि लाकडाच्या पाठीवर एकेक जुडी लांबीच्या दिशेने घालत जायची. एक थर वाळला की दुसरा. वाळताना कंडरा आखडते आणि धनुष्याला उलट्या बाजूला ओढून घेते. दोरी नसलेली अशी कमान उलट्या दिशेला वळलेली दिसते. संग्रहालयात ती पाहणाऱ्याला दोरी कोणत्या अंगाने लावायची हेच पटकन कळत नाही. पूर्ण वाळायला कित्येक महिने, चांगल्या कमानीला वर्षही लागे. त्यानंतर हळूहळू शेकत, रोज थोडी थोडी वाकवत तिला सुलट करायची आणि पहिल्यांदा दोरी चढवायची. शेवटी वरून पातळ कातडे किंवा भूर्जपत्र, त्यावर लाख आणि रंग. लाखेमुळे नक्षी उठून दिसेच, पण तिचे खरे काम आत ओल शिरू न देण्याचे.

बीडच्या वाचकाने इथे आपल्या गोठ्याकडे पाहावे. ‘मराठवाडी’ ही म्हशीची नोंदणीकृत जात बीड, परभणी, जालना, नांदेड, लातूर या पट्ट्यातली. तिची शिंगे मानेला समांतर मागे खांद्यापर्यंत जातात. शेजारच्या पंढरपुरी म्हशीची शिंगे तर त्याहून लांब आणि तलवारीसारखी. कमानीच्या प्रत्येक बाहूला एक अखंड, लांब पट्टी लागते आणि ती देणारे जनावर म्हणजे लांब शिंगांची म्हैस. युरोपात अशी म्हैस जवळजवळ नव्हती. तिथे इंग्रजांनी यू नावाच्या झाडाच्या एकाच लाकडात दोन्ही गुण शोधले. त्याचा गाभा दाब सोसतो आणि बाहेरचे पांढरे लाकूड ताण सोसते. १५४५ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यालगत बुडालेले ‘मेरी रोझ’ हे जहाज १९८२ मध्ये वर काढले, तेव्हा गाळात जपून राहिलेली १३७ अखंड धनुष्ये आणि सुमारे साडेतीन हजार बाण मिळाले. ती धनुष्ये पूर्ण ताणायला ४५ ते ८० किलोंचा जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे ज्वारीचे अर्धे पोते बोटांनी छातीपर्यंत ओढायचे आणि तेही पुन्हा पुन्हा.

दख्खनच्या कमानीच्या नशिबी असा गाळ नव्हता. सरस पाण्यात विरघळतो. पावसाळ्याच्या दमट हवेनेच तो मऊ पडतो, थर सुटू लागतात आणि कमान पिळवटते. कंडरा आणि शिंग किड्यांचे आवडते खाद्य, कामठी वाळवीचे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचे आणि मृगाआधी परतायचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. नद्यांचे पूर, चिखल आणि चारा ही त्याची मोठी कारणे होतीच. पण कोरड्या आठ महिन्यांत कमान तेज राहते हेही सैनिकाला ठाऊक असणार, असे मला वाटते. हिंदुस्थानी कारागिरांनी यावर एक वेगळाच उपाय काढला आणि तो जगात इतरत्र फारसा दिसत नाही. त्यांनी संपूर्ण पोलादाची कमान घडवली. सतराव्या-अठराव्या शतकातल्या अशा कमानी आजही संग्रहालयांत आहेत. काहींवर कोफ्तगरी, म्हणजे पोलादावर बसवलेली सोन्याची नक्षी, आहे. काही मधोमध पेच फिरवून दोन तुकडे करून ठेवण्याजोग्या आहेत. शिंगाच्या कमानीइतका वेग त्यांना नव्हता. पोलादाचे बाहू जड असतात आणि स्वतः हलण्यातच बरीच ताकद खर्च करतात. पण अशी कमान वर्षानुवर्षे कोठीत पडून राहिली तरी हाकेसरशी उपयोगी पडे. तळघराची ओल आणि दीर्घ वेढा या दोन्हींना पुरून उरणारे शस्त्र म्हणून किल्ल्यासाठी तिचे मोल वेगळे होते.

दोरीकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. खरे तर दोरी तुटली की सगळेच संपले. अर्थशास्त्रात दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, वेळू आणि कंडरा ही नावे येतात. धनुर्वेद रेशमाच्या दोरीला पहिला मान देतो. करंगळीएवढी जाड, गाठ नसलेली, सारख्या पिळाची. रेशीम नसेल तर हरणाची कंडरा, चांगल्या जून बांबूच्या सालीचे तंतू किंवा भाद्रपदात काढलेली रुईची साल. भाद्रपदाचा हा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. पावसाचे पाणी पिऊन रुईचे फोक सरळ वाढलेले असतात, साल सहज सुटते आणि तंतू लांब निघतो. बीडच्या बांधाबांधावर, गायरानात, रस्त्याच्या कडेला रुई उभी असते. ढोरे तिला तोंड लावत नाहीत, शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ पडते, एवढाच आता तिचा आपल्याशी संबंध. ज्याला शंका असेल त्याने भाद्रपदात तिच्या सालीचा धागा काढून दोन्ही हातांनी तोडून पाहावा. फक्त चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी.

घोडेस्वार ही दोरी बोटांनी ओढत नसे, अंगठ्याने ओढे. अंगठ्याच्या पेरावर दोरी काचू नये म्हणून तो अंगठी घाली. साधी शिंगाची किंवा हाडाची, श्रीमंताची अकीकाची किंवा जेड दगडाची. शहाजहानची जेडची अशी एक अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तिच्यावर १६३०–३१ शी जुळणारे हिजरी साल कोरलेले आहे. मोगल चित्रांत बादशहाच्या कमरेला किंवा अंगठ्याला हा दागिना दिसतो तेव्हा तो शोभेचा वाटतो, पण त्याचा जन्म तिरंदाजाच्या सोललेल्या अंगठ्यातून झाला आहे.

आता बाण. त्याची काडी शर नावाच्या गवताची, बोरूसारख्या नळीची किंवा बारीक बांबूची. ग्रंथ सांगतो: फार जाड नको, फार बारीक नको, कच्ची नको, वाईट जमिनीत उगवलेली नको, चिरलेली नको. जाडी करंगळीएवढी, लांबी मूठभर कमी दोन हात. पुढचे टोक जड असलेला बाण तो स्त्री, मागचा भाग जड असलेला तो पुरुष, दोन्हीकडे सारखा तो नपुंसक. पहिला लांब पल्ल्यासाठी, दुसरा कठीण वस्तू भेदण्यासाठी, तिसरा सरावासाठी, अशी वाटणी त्यांनी केली आहे. पुढे वजन असलेला बाण हवेत स्थिर राहतो हे आजचा कोणताही तिरंदाज सांगेल. जुन्या लोकांनी ते अनुभवातून हेरले होते. बाणाच्या मागे चार पिसे, प्रत्येक सहा अंगुळे लांब आणि कंडरेच्या धाग्याने बांधलेली. शिंगाच्या धनुष्यातून सुटणाऱ्या बाणाला मात्र दहा अंगुळांची पिसे. धनुष्य जितके जोरकस तितका बाण सुटताना जास्त थरथरतो आणि त्याला सावरायला पिसाचा पसारा मोठा लागतो. हे त्यांनी किती बाण सोडून ठरवले असेल! पिसांसाठी पक्ष्यांची नावे येतात ती गिधाड, मोर, क्रौंच, हंस, कुरर, कावळा अशी. मोर बालाघाटात आजही भरपूर आहे आणि पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचे अभयारण्य आहे. गिधाडे मात्र गेल्या तीसेक वर्षांत जवळजवळ नाहीशी झाली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने त्यांचा बळी घेतला. बाणाच्या जुन्या साहित्यातली सर्वात मोठी हानी तीच आहे.

टोके लोखंडाची, हाडाची आणि लाकडाचीही असत. युद्धात वापरायची लोखंडी टोके कामाप्रमाणे वेगळी होती: साखळ्यांच्या चिलखतासाठी सुईसारखे निमुळते, चामड्याची ढाल फोडायला आरीसारखे, घोड्याला आणि उघड्या अंगाला रुंद पात्याचे, कापत जायला अर्धचंद्र आणि वस्तऱ्यासारखे क्षुरप्र. तेलंगणात निजामाबादकडच्या कोनसमुद्रम या गावात उत्तम पोलाद होई आणि ते घ्यायला इराणचे व्यापारी येत. पण बाणाच्या टोकासाठी असले महागाचे पोलाद कोण वापरणार? परत मिळेल याची खात्री नसलेली ती वस्तू. गावच्या लोहाराने साध्या लोखंडाची ती शेकड्यांनी ठोकावी आणि काडीत घुसणारा मागचा निमुळता काटा ठेवून द्यावा, हीच रीत.

या सगळ्याचा माग दगडावर शोधायचा मोह होतो. वेरूळच्या पंधराव्या लेण्यात त्रिपुरांतक शिव धनुष्य ताणून उभा आहे. महाराष्ट्रातल्या वीरगळांवर लढणाऱ्या वीराच्या अंगावर येणारे धनुर्धारीही दिसतात. पण पाषाणातल्या धनुष्याचा बाक पाहून ते बांबूचे की शिंगाचे हे ठरवू नये. शिल्पकार चौकटीत जागा असेल तसा बाक देतो. धनुष्य, बाण आणि भात्याचा आकार यांच्यापलीकडे दगड फारसे सांगत नाही.

ज्यांच्या हातात ही विद्या होती ते कारागीर बंदूक आल्यावर दुसऱ्या धंद्याला लागले. कच्छमधले कमानगर भिंतींवर चित्रे काढू लागले आणि त्यांची ‘कमानगरी’ चित्रशैली आज त्याच नावाने ओळखली जाते. १० ऑगस्ट १७६३ ला गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवनला मराठे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली, तोवर दख्खनच्या रणांगणावर तोफ आणि बंदूक यांचेच राज्य सुरू झाले होते. शिंग, कंडरा, सरस, रेशीम, पीस, काडी यांतले काहीच आपल्या मातीने ठेवले नाही. उरली ती लोखंडी टोके.

म्हणूनच वाचकांना एक विनंती आहे. धारूरच्या उतारावर, गढीच्या ढिगाऱ्यात किंवा नांगराच्या तासात असे एखादे गंजलेले टोक हाती लागले, तर ते घासून चकचकीत करू नका. मागच्या काट्याभोवतीच्या गंजात काडीचे आणि तिला गुंडाळलेल्या धाग्याचे ठसे दगडासारखे होऊन राहिलेले असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवरून ती काडी बांबूची की गवताची आणि धागा कंडरेचा की रुईचा हे ओळखता येते. पॉलिश पेपरचे चार हात मारले की ते कायमचे जाते. जिथे सापडले ती जागा लिहून ठेवा, जमल्यास फोटो काढा, वस्तू कोरड्या कागदात ठेवा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. जमिनीत सापडलेल्या पुरलेल्या मौल्यवान वस्तूंची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारकच आहे.